हात धुऊन आत यावे

सकाळी साडेसहाला धूरवालीनं डोळ्यांवर चष्मा चढवला, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घातले आणि टाकीचं झाकण उचललं. पांढरा धूर भसाभस वर आला, काठावरून खाली ओघळला आणि तिच्या पायांभोवती पसरून विरून गेला. या धुरामुळेच कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्या त्या हॅचरीत तिला हे नाव पडलं होतं. सहा वर्षं ती ही टाकी उघडत होती, त्यामुळे तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठंच उरलं नव्हतं.

खरं तर तो धूर नव्हे, थंडी. पिल्लांना पुढं रोगानं मरू न देणाऱ्या लशीच्या काचेच्या नळ्या त्या टाकीत गोठवून ठेवलेल्या असतात. लस जिवंत असते आणि जिवंत गोष्टीचे नखरे फार. नळी बाहेर काढली की ती कोमट पाण्यात मिनिटाच्या आत वितळवायची. पाणी जरा जास्त गरम झालं तर लस मेली. मग नळीची मान मोडायची, जाड सुईनं सावकाश ओढायचं, गुलाबी द्रावणाच्या पिशवीत सोडायचं आणि पिशवी हलवायची. हलवायची म्हणजे खळखळवायची नाही. झोपाळू बाळाला मांडीवर घेऊन डोलवतात तसं डोलवायचं. त्यानंतर तासाभरात पिशवी संपली पाहिजे, नाहीतर गटारात ओतायची.

ही पिशवी यंत्राच्या आकड्याला टांगली की पुढचं काम यंत्राचं. अंड्यातून पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर पडतं, पण अठराव्या दिवशीच ते आत जवळजवळ तयार झालेलं असतं. त्या दिवशी दीडशे अंड्यांचा ट्रे यंत्राखाली सरकतो, दीडशे सुया एकदम खाली येतात, टरफलाला बारीक भोक पडतं, थेंबभर लस आत जाते आणि ट्रे पुढं. पूर्वी एकेका पिल्लाला मुठीत धरून टोचावं लागायचं. आता टोचताना माणसाचा हात अंड्याला लागतसुद्धा नाही. वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण पुढं जो तमाशा झाला तो सगळा हातावरून झाला.

यंत्र चालवणारा होता धूरवालीचा दीर. नोकरी त्याला भावानं लावून दिली होती. तो भाऊ, म्हणजे धूरवालीचा नवरा, याच हॅचरीत मेकॅनिक होता. गेल्या वर्षी काविळीनं तीन आठवड्यांत गेला. तो होता तोवर मॅनेजर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या धूरवालीचा हात म्हणजे सोनं." नवरा गेला आणि त्याच हाताचं लोखंड झालं. बोटं तीच, कसब तेच. मेला तो नवरा, पण खोट निघाली बायकोच्या हातात!

घरी तर तेराव्या दिवसाचीही वाट कुणी पाहिली नव्हती. सासूनं तिचं ताट वेगळं केलं, ग्लास वेगळा केला. मग धाकट्या जावेला दिवस गेले आणि घरात नवा कायदा आला. जावेला पाणी द्यायचं नाही, तिच्या कपड्यांना हात लावायचा नाही, सकाळी तिच्या समोर यायचं नाही. धूरवाली पहाटे पाचला मागच्या दारानं बाहेर पडायची ती उत्साहानं नव्हे, जावेनं उठून आपलं तोंड पाहू नये म्हणून.

एवढं सगळं घरात होतं. हॅचरीत ते यायचं काही कारण नव्हतं. ते कसं आलं ते आता सांगतो.

दर वेळी सुया वर आल्या की यंत्र त्या औषधी पाण्यानं आपोआप धुतं. एखादं अंडं आतून सडलेलं असलं तर त्याची घाण पुढच्या दीडशे अंड्यांत जाऊ नये म्हणून. त्या पाण्याचा कॅन यंत्राच्या पाठीमागं असतो. कॅन रिकामा झाला की यंत्र थांबतं आणि भोंगा बोंबलतो. मॅनेजरनं दिराच्या मागं लकडा लावला होता, "दुसऱ्या हॅचरीत तासाला कितीतरी जास्त ट्रे होतात, तू काय करतोस, माशा मारतोस?" दिरानं डोकं लढवलं. धुण्याच्या पाण्याची नळी बंद केली, भोंग्याची तार काढून ठेवली आणि यंत्राला धुणं झाल्याचं खोटं कळेल अशी सोय केली. दर ट्रेमागं काही सेकंद वाचले. मॅनेजर खूश झाला आणि कसं जमलं हे त्यानं विचारलंच नाही. न विचारण्यात त्याचा हातखंडा होता.

तीन दिवसांनी उबवणीच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा वासानंच माणसं मागं सरली. निम्मी पिल्लं टरफलातच मेलेली. जी बाहेर आलेली होती त्यांची पोटं हिरवी पडलेली, बेंबी ओली. ती एकमेकांवर पडून चोची उघडत होती, मिटत होती. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

मॅनेजरनं सगळ्यांना उभं केलं. "काय झालं? कुणाची चूक?"

दिराला कारण ठाऊक होतं. आणि बुडत्या माणसाला काडीचा आधार मिळावा तसा त्याला घरचा कायदा आठवला.

"साहेब," तो खाली मान घालून म्हणाला, "बोलू नये, घरचं माणूस आहे. पण आमची आई वहिनीला माझ्या बायकोजवळ फिरकू देत नाही. आणि इथं तर रोज हजारो जीव तिच्या हाताखालून जातात. अठराव्या दिवसाचं अंडं म्हणजे भरल्या पोटाची बाईच की हो."

खोलीत कुणी हसलं नाही. मला वाटतं तिथंच कुणी तरी मोठ्यानं हसायला हवं होतं. ज्यांनी यंत्राची पुस्तकं वाचली होती, अंश न् अंश मोजून उबवणीची उष्णता सांभाळली होती, ती माणसं गंभीरपणे माना हलवू लागली. एकजण म्हणाला, "माझ्याही मनात होतं." दुसरा म्हणाला, "पांढऱ्या पायाची ती." माणसाला कारण शोधायचा कंटाळा आला की बाई हाताशी असतेच.

धूरवाली म्हणाली, "साहेब, सहा वर्षं मीच लस करते."

"तेव्हा गोष्ट वेगळी होती," मॅनेजर म्हणाला.



दुसऱ्या दिवसापासून ती टोपल्या धुवायच्या मोरीत आणि तिच्या जागी ट्रे पुसणारी एक बाई. तिची निवड कशावरून झाली? नवरा हयात, तीन मुलं, तिन्ही धडधाकट. म्हणून तिला सगळे लेकुरवाळी म्हणत. लस हा शब्द तिनं ऐकला होता तेवढाच. टाकीचं झाकण उघडताना ती डोळे मिटून घ्यायची. पहिल्याच दिवशी नळी तिच्या हातात फुटली आणि दोन बोटं पोळल्यासारखी झाली. ती मोरीत आली आणि कुणी बघत नाही असं पाहून म्हणाली, "ताई, पाणी किती कोमट घ्यायचं गं? मला कुणी सांगतच नाही."

धूरवालीनं रबरी हातमोजे काढले, तिची बोटं पाण्याखाली धरली आणि सगळं सांगितलं. पाणी किती, वेळ किती, पिशवी कशी डोलवायची. रागावून न सांगणं तिला शक्य होतं, पण पिल्लांनी तिचं काय घोडं मारलं होतं?

टोपल्या धुताना तिला भांडार समोरच दिसायचं. औषधी पाण्याचे कॅन एकावर एक रचलेले. नवरा मेकॅनिक असताना यंत्राचा एकेक खिळा तिला तोंडपाठ झाला होता. पाळीला एक कॅन संपतो हे तिला माहीत होतं. दोन दिवस ती बघत होती, त्या रचलेल्या कॅनमधला एकही कमी झाला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जवळ जाऊन पाहिलं. सगळी बुचं सीलबंद, वर धुळीचा थर.

त्या संध्याकाळी तिनं दिराला अंगणात गाठलं. "भाऊजी, सुया धुणं बंद केलंय ना तुम्ही?"

तो चपापला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच. सुरू करा. मी काही बोलणार नाही."

"आता सुरू केलं आणि पिल्लं चांगली निघाली, तर आधीची कशानं मेली म्हणून विचारतील. एक सांगतो वहिनी, तोंड उघडलंस तर या घराचं दार तुला बंद."

सासू उंबऱ्यात उभी होती. तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी बाजू कळली. "नवऱ्याला खाल्लंस, आता दिराच्या भाकरीवर उठलीस?"

आत पलंगावर नऊ महिने भरत आलेली जाऊ बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

धूरवाली गप्प राहिली. तिला दोष देणाऱ्यांनी आधी स्वतःचं छप्पर डोक्यावर आहे का ते चाचपून पाहावं. तिला माहेर नव्हतं, मूल नव्हतं, आणि त्या घरातला कोपरा हाच काय तो तिचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टोपल्या धुवायला गेली.

त्याच दिवशी लेकुरवाळीच्या शुभ हातानं टांगलेल्या पिशव्यांची पहिली उबवणी उघडली. या खेपेला निम्मी नव्हे, पाऊण पिल्लं टरफलातच मेली होती.

आता तरी डोळे उघडतील असं तुम्हाला वाटलं असेल. छे! मॅनेजरच्या खोलीत तासभर खल झाला आणि शोध लागला की पिल्लं ज्या टोपल्यांत निघतात त्या टोपल्या धूरवाली धुते. म्हणजे हात लागलाच. समजा हात नसता लागला तर सावली होती, सावली नसती तर नाव होतं.

तिला आत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. दीर दाराशी उभा होता, लेकुरवाळी कोपऱ्यात.

"सही कर," मॅनेजर म्हणाला. "स्वखुशीनं काम सोडते असं लिहिलंय. तुझ्याच भल्यासाठी. बोभाटा नको."

तिनं कागद वाचला. मग तो होता तसाच टेबलावर ठेवला. "मी आलेच," म्हणाली आणि बाहेर गेली.

परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दोन कॅन होते. ते तिनं कागदावर ठेवले, धुळीसकट. "साहेब, यातला एक रोज संपायला हवा. आठवडाभरात एकही फुटलेला नाही. असे अजून किती आहेत ते भांडारात जाऊन बघा. यंत्रामागची नळी बघा, भोंग्याची तार बघा. सुया धुतल्याच जात नाहीत. एका अंड्यातली घाण दीडशे अंड्यांत, तिथून पुढच्या दीडशेत. पहिल्या खेपेला लस माझ्या हातची होती, दुसऱ्या खेपेला हिच्या. सुया दोन्ही वेळी त्याच."

"वहिनी!" दीर ओरडला.

"भाऊजी, घराचं दार तुम्ही बंद कराल ते मला माहीत आहे. करा."

मॅनेजर उठला, यंत्रापाशी गेला, मागं वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. दिराला तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर घाई कुणी करायला लावली तेही निघालं असतं. घड्याळाकडं बघून तो एवढंच म्हणाला, "आजही अठरावा दिवस आहे. अंडी थांबणार नाहीत. नळी जोडा, सुया नीट उकळून धुऊन घ्या. आणि तू, लस कर."

तिनं हात धुतले. चष्मा, हातमोजे, टाकी, धूर. चार दिवसांनी पिशवी तिच्या हातांत डोलली. पिशवी घेऊन ती यंत्राच्या खोलीत आली तेव्हा सगळी पाळी तिथं जमली होती. आकडा तीन पावलांवर होता.

आणि मॅनेजरनं मधेच हात आडवा केला.

"एक कर," तो लेकुरवाळीकडं बोट करून हळू आवाजात म्हणाला. "पिशवी हिच्याकडं दे. टांगू दे हिला. तू मागं लस कर, पुढं ही टांगेल. माणसांचं समाधान होतं, तुझं काम राहतं. साप मरेल, काठीही मोडणार नाही."

माणसांचं समाधान! सुया घाण होत्या हे सिद्ध झाल्यावरही त्या खोलीतल्या एकाही माणसाच्या मनातली घाण हलली नव्हती. सगळे वाट बघत होते. पिशवी लवकर त्या दुसऱ्या हातात जावी आणि आपण कामाला लागावं.

धूरवालीनं पिशवी छातीशी धरली. "नाही."

"म्हणजे?"

"लस माझी चालते, टांगायला हात माझा चालत नाही? मग साहेब, पहिल्या दिवशी ज्यांनी मान हलवली त्यांनीच लस करायला शिकावं. पिशवी मी टांगीन, नाहीतर ही गटारात जाईल."

"वेडी आहेस का? आत जिवंत पिल्लं आहेत!"

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कुणी म्हणालं, "माजलीये." कुणी म्हणालं, "हिसकावून घ्या." पण जिवंत लशीच्या पिशवीला हात घालायची कुणाची छाती झाली नाही. ती उभ्या उभ्या पिशवी डोलवत राहिली, कारण डोलवणं थांबलं तर लस तळाशी बसते. तिला त्या पिल्लांची दया येत होती आणि स्वतःचा संतापही. हात पुढं करावा, देऊन टाकावं, असं दोनदा तिच्या मनात आलं.

पस्तीस मिनिटं झाली तेव्हा मॅनेजर लेकुरवाळीवर खेकसला, "बघतेस काय? घे तिच्याकडून!"

लेकुरवाळी पुढं आली. धूरवालीच्या समोर उभी राहिली. मग मॅनेजरकडं वळली आणि तिनं उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. दंडावर जुने पिवळे डाग होते आणि त्यांवर कालचे काळेनिळे.

"साहेब, हा बघा माझा शुभ हात," ती म्हणाली. "ज्याच्यामुळं शुभ आहे त्यानंच हे केलंय. तो उद्या मेला की हाच हात वाईट, नाही का? मी नाही टांगणार."

तिनं बाही खाली केली, यंत्राचं काचेचं दार उघडलं आणि बाजूला झाली.

मॅनेजरनं पाळीकडं पाहिलं. पाळी जमिनीकडं बघत होती. त्याचा आडवा हात आपोआप खाली आला. धूरवाली तीन पावलं चालली आणि तिनं पिशवी आकड्याला टांगली. यंत्र सुरू झालं. सुया उतरल्या, वर आल्या, धुतल्या गेल्या, पुन्हा उतरल्या. टांगणारी कोण होती याची यंत्राला काही पडलेली नव्हती.

तीन दिवसांनी टोपल्या भरून पिवळी पिल्लं निघाली, इतकी किलबिलाट करणारी की माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. धूरवालीची माफी कुणी मागितली नाही. दिराची बदली ट्रक भरण्याच्या कामावर झाली. मॅनेजर मालकाला फोनवर सांगत होता की, यंत्रातला दोष मी शोधून काढला.

त्याच दुपारी जाऊ बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली होती. धूरवाली संध्याकाळी दारात पोचली तेव्हा तिची ट्रंक ओसरीवर काढून ठेवलेली होती. सासूनं बाळावर पदर ओढला.

"सगळी पिल्लं जगली," धूरवाली म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"ती कोंबडीची. माणसाचं वेगळं असतं," सासू म्हणाली.

जाऊ उठली आणि तिनं बाळ धूरवालीच्या ओंजळीत ठेवलं, असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. ती उठली नाही. तिनं एकदा वर पाहिलं, ओठ हलवले आणि पुन्हा बाळाकडं पाहू लागली. पदराखाली बाळ रडत होतं. ते कसं डोलवायचं हे त्या घरात एकीलाच नीट येत होतं आणि ती ओसरीवर ट्रंक उचलत होती.

धूरवाली आता हॅचरीमागच्या गल्लीत एका खोलीत राहते. महिन्याभरानं लेकुरवाळी तीन मुलं आणि एक गाठोडं घेऊन तिच्या दारात आली. त्या एका खोलीत आता पाचजण झोपतात. दोघी मिळून लस करतात आणि हाताखाली आणखी दोन बायकांना शिकवतात. शिकायला येणारीला नवरा आहे का, मुलं किती, हे त्या विचारत नाहीत. लस करायच्या खोलीच्या दारावर धूरवालीनं स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली आहे. मॅनेजरनं ती दोनदा काढली, तिनं तीनदा लावली.

"हात धुऊन आत यावे. हाताबद्दल दुसरे काही विचारले जाणार नाही."

तुमच्या घरात नुकतंच बाळ आलं असेल, आणि एखादी बाई दूर उंबऱ्याशी उभी राहून त्याच्याकडं बघत असेल, तर तिला आत बोलवायचं तुमच्या मनात येतं का? आणि येत असेल, तर आजवर कुणाची वाट बघत बसला आहात?